अंतर्गत समिती, विद्यार्थी आणि प्रशासन: लैंगिक छळ रोखण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे

बहुतेक महाविद्यालयांत हे काम उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी भित्तिपत्रके लागतात, मग एखाद्या वकील बाईंचे व्याख्यान होते, त्याची छायाचित्रे अहवालात जातात. आणि त्यानंतर एखादी विद्यार्थिनी खरोखरच तक्रार घेऊन आली, तर असे लक्षात येते की अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीची मुदत गेल्या वर्षीच संपली आहे, बाहेरच्या सदस्याने राजीनामा दिला आहे आणि अर्ज कोणी स्वीकारायचा हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नाही. दुसरी चूक याहून खोल आहे. ‘विद्यार्थी आणि प्रशासन यांनी एकत्र काम करावे’ या वाक्याचा अर्थ दोघांनी मिळून प्रकरणांचा निवाडा करावा असा घेतला जातो. एकत्र काम करायचे ते छळ होऊ नये यासाठी. छळ झाल्याची तक्रार आल्यानंतर चौकशी फक्त अंतर्गत समितीची असते, आणि तिथे विद्यार्थी संघटनेनेही ढवळाढवळ करायची नसते आणि प्राचार्यांनीही.

पुढील टप्पे या दोन चुका टाळण्यासाठी मांडले आहेत. त्यांचे आधार दोन आहेत: कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा अधिनियम, आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेले २०१५ चे विनियम, जे २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले. दोन्हींची एकेक छापील प्रत हाताशी ठेवूनच पहिली बैठक घ्यावी. बैठकीतील निम्मे वाद त्या प्रतीवर बोट ठेवताच मिटतात.

टप्पा १: समिती खरोखर अस्तित्वात आहे का, हे तपासा

समितीची रचना विनियमांत स्पष्ट दिलेली आहे. पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीची प्रमुख, ही वरिष्ठ महिला अध्यापक असावी. विद्यापीठात तिचे पद प्राध्यापकाहून आणि महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकाहून कमी नसावे. तिच्याबरोबर दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील एक बाहेरचा सदस्य असतो. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी सदस्य बसतात, आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावे लागतात. एकूण सदस्यांपैकी किमान निम्म्या महिला हव्यात. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते.

इथे सर्वांत जास्त चुकते ते दोन ठिकाणी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदावरील व्यक्तींना समितीत घेता येत नाही, तरीही ‘वजन राहावे’ म्हणून एखाद्या विभागप्रमुखाचे नाव सर्रास घातले जाते. आणि विद्यार्थी सदस्य निवडून येण्याऐवजी प्राचार्यांच्या ओळखीतून नेमले जातात. असे नेमलेले विद्यार्थी कितीही चांगले असले तरी इतर विद्यार्थी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि विश्वास नसलेली समिती रिकामीच राहते.

विद्यार्थी सदस्य अजून निवडलेले नसतील तर निवडणूक तक्रार येण्याआधी, सत्राच्या सुरुवातीलाच घ्यावी. तक्रार आल्यावर विद्यार्थी सदस्य निवडायला गेलात, तर संपूर्ण आवाराला प्रकरण कळते.

तपासणी: प्रत्येक सदस्याचे नाव, पद, नेमणुकीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख एका कागदावर लिहा. एकही रकाना रिकामा राहिला तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा २: प्रतिबंधासाठी वेगळा संयुक्त गट नेमा

हा गट म्हणजे समिती नव्हे. त्याच्याकडे एकही तक्रार येणार नाही, आणि आलीच तर ती न वाचता समितीकडे पोहोचवली जाईल, हे त्याच्या पहिल्या इतिवृत्तातच नोंदवावे.

गट आठ-दहा जणांचा पुरेसा आहे, पण तो काळजीपूर्वक निवडावा. वर्गप्रतिनिधींपुरते थांबू नये. वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी, शेवटची बस पकडणारी विद्यार्थिनी, सायंकाळच्या वर्गांना येणारे, खेळाडू, अपंग विद्यार्थी आणि संशोधन करणारे विद्यार्थी यांना आवार वेगवेगळे दिसते. विनियम प्रामुख्याने महिलांविषयी असले, तरी काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही लैंगिक छळाला बळी पडू शकतात हे त्यांतच मान्य केलेले आहे. त्यांचाही आवाज गटात असावा. प्रशासनाच्या बाजूने वसतिगृहाच्या रेक्टर, सुरक्षा पर्यवेक्षक आणि इमारत देखभालीचा प्रमुख हवा. याशिवाय खर्चाला मंजुरी देऊ शकणारी एक व्यक्ती असलीच पाहिजे. ती नसेल तर गट फक्त गाऱ्हाणी लिहून घेतो, आणि दोन बैठकांनंतर विद्यार्थी यायचे थांबतात.

समितीतील एक सदस्य संपर्कासाठी बैठकीला बसू शकतो. त्याने प्रशिक्षण आणि नियमांबद्दल बोलावे. चालू प्रकरणांबद्दल एक शब्दही बोलू नये, ‘असे एक प्रकरण आले होते’ इतकेही नाही. लहान महाविद्यालयात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

टप्पा ३: आवाराची आणि सत्तासंबंधांची पाहणी करा

या टप्प्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा.

प्रथम प्रत्यक्ष जागा. दिवसा नकाशा हातात घेऊन केलेली पाहणी निरुपयोगी असते. गटाने सूर्यास्तानंतर, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय बंद होतात त्या वेळी, विद्यार्थिनी ज्या वाटेने वसतिगृहाकडे किंवा बस थांब्याकडे जातात त्याच वाटेने चालत जावे. कोणते दिवे लागत नाहीत, कोणत्या स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, कोणत्या जिन्यावर सुरक्षारक्षकाची फेरी होतच नाही, आवाराच्या कोणत्या भागात मोबाइलला रेंज मिळत नाही, हे जागेवरच लिहावे. प्रत्येक नोंदीसमोर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि दुरुस्तीची तारीख असावी. ‘संबंधित विभागाने कार्यवाही करावी’ असे लिहिलेली नोंद म्हणजे कोणीच काही न करण्याची सोय असते.

कॅमेऱ्यांबाबत तीन प्रश्न विचारावेत: चित्रीकरण कोण पाहतो, ते किती दिवस राहते, आणि तक्रार आल्यावर संबंधित तासांचे चित्रीकरण वेगळे जतन करण्याचा आदेश कोण देतो. बहुतेक यंत्रणांत जुन्या चित्रीकरणावर काही दिवसांनी नवे चढते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल तर पुरावा चौकशीची पहिली बैठक होण्याआधीच पुसला जातो.

मग विद्यार्थ्यांना प्रश्नावली द्यावी. ती निनावी असावी, आणि तिच्यात ‘तुमच्यावर असा प्रसंग आला आहे का’ हा प्रश्न नसावा. ‘आवारातील कोणती जागा, कोणती वेळ किंवा कोणता प्रसंग तुम्ही टाळता, आणि का’ एवढे विचारले तरी हवी ती माहिती मिळते, आणि कोणाची जखम विनाकारण उघडी पडत नाही. तरीही काही जण स्वतःचा अनुभव लिहितीलच. म्हणून प्रश्नावलीच्या तळाशी समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांचा संपर्क, समुपदेशकाची वेळ आणि १८१ ही महिला हेल्पलाइन व ११२ हा आपत्कालीन क्रमांक आधीच छापलेला असावा.

सत्तासंबंधांची पाहणी बहुतेक गट सोडूनच देतात, कारण ती अवघड जाते. अंधाऱ्या जिन्याविषयी बोलणे सोपे आहे, पण अंतर्गत गुण एकट्याच्या हातात असलेल्या अध्यापकाविषयी बोलताना खोलीतले सगळे गप्प होतात. तरीही गटाने व्यक्तींची नावे न घेता रचना तपासावी. संशोधनाचा मार्गदर्शक बदलायचा असेल तर विद्यार्थिनीला कारण सांगावे लागते का? तोंडी परीक्षा एकच परीक्षक बंद खोलीत घेतो का? मार्गदर्शकाच्या घरी किंवा सुटीच्या दिवशी भेटायला बोलावण्याची पद्धत विभागात रुळलेली आहे का? प्रशिक्षणार्थी म्हणून बाहेरच्या कंपनीत पाठवलेल्या विद्यार्थिनीने तिथल्या वागणुकीबद्दल कोणाला सांगायचे? यांवरचे उपाय स्वस्त असतात: मार्गदर्शक बदलण्याचा कारण न विचारणारा अर्ज, तोंडी परीक्षेला दोन परीक्षक, कार्यालयीन वेळेत आणि विभागातच भेटीचा नियम, दारांना पारदर्शक काच. खर्च जवळजवळ नसूनही या उपायांना सर्वाधिक विरोध होतो, आणि म्हणूनच ते प्रशासनाने लेखी परिपत्रकाने करायचे असतात, विद्यार्थ्यांच्या विनंतीवर सोडायचे नसतात.

सावधान: पाहणीतून ‘मुलींच्या वसतिगृहाचे फाटक एक तास आधी बंद करा’ असा निष्कर्ष निघाला तर तो फेटाळावा. सुरक्षिततेचे कारण सांगून विद्यार्थिनींवर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे निर्बंध लादू नयेत, असे विनियमच सांगतात. शिवाय उशीर झाल्यावर शिक्षा होणार असेल, तर बाहेर काही घडलेली मुलगी रेक्टरांना ते सांगणारच नाही.

टप्पा ४: पहिले संभाषण कसे करायचे, याचा सराव करा

पीडित व्यक्ती समितीकडे थेट क्वचितच येते. ती आधी मैत्रिणीला, खोलीतल्या सोबतिणीला, आवडत्या शिक्षिकेला किंवा ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याला सांगते. त्या पहिल्या दहा मिनिटांत काय बोलले जाते यावर ती पुढे जाणार की गप्प बसणार हे ठरते. म्हणून हा सराव विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी एकत्र बसून करावा.

ऐकणाऱ्याने पुढील क्रम पाळावा.

१. ती आत्ता सुरक्षित आहे का, हे आधी विचारावे. धोका चालू असेल तर बाकी सर्व थांबवून मदत बोलवावी.

२. तिला तिच्या शब्दांत, तिच्या गतीने बोलू द्यावे. ‘तू तिथे का गेलीस’, ‘आधीच का नाही सांगितलेस’ हे प्रश्न विचारू नयेत. तपशील खोदून काढण्याचे काम ऐकणाऱ्याचे नाही. ते समितीचे आणि पोलिसांचे आहे, आणि पाच जणांना पाच वेळा सांगितलेल्या हकिकतीतील किरकोळ फरक पुढे तिच्याचविरुद्ध वापरले जातात.

३. ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच, आणि तुला विचारून सांगेन’ असे म्हणावे.

४. बलात्कार किंवा गंभीर शारीरिक अत्याचार असेल तर वैद्यकीय मदत सर्वांत आधी. एचआयव्ही संसर्ग टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, सुरू करावे लागते. गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्यांचेही तसेच आहे. अशा पीडितेवर तात्काळ मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. शक्य असेल तर तपासणीपूर्वी आंघोळ करू नये आणि त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. पण आंघोळ झाली असली तरी रुग्णालयात जावेच.

५. संदेश, कॉलच्या नोंदी, छायाचित्रे पुसू नयेत. पडद्याचे चित्र घेताना क्रमांक आणि तारीख दिसेल असे घ्यावे, आणि ते कोणत्याही ग्रुपवर टाकू नये.

६. मार्ग समजावून सांगावेत: समितीकडे तक्रार, पोलिसांकडे तक्रार, दोन्ही, किंवा आत्ता फक्त समुपदेशन. निवड तिची. समितीकडे गेल्याने पोलिसांकडे जाण्याचा हक्क संपत नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तो नोंदवता येतो.

सावधान: व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर चित्र बदलते. पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असेल किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला सतरा वर्षांचे विद्यार्थी असतील, तर ही गोष्ट प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असली पाहिजे.

टप्पा ५: तक्रारीचा मार्ग तारखांसह ठरवा

तक्रार लेखी असते आणि ती घटनेपासून, घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. पुरेशी कारणे नोंदवून समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. तक्रारदाराला लिहिणे शक्य नसेल तर लिहिण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. शारीरिक किंवा मानसिक असमर्थतेमुळे ती स्वतः तक्रार देऊ शकत नसेल, तर मैत्रीण, नातेवाईक किंवा सहाध्यायी तिच्या वतीने देऊ शकतात.

त्यानंतरचे वेळापत्रक समितीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावे. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्या पक्षाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. त्याचे उत्तर, कागदपत्रे आणि साक्षीदारांची यादी दहा दिवसांत. तक्रार मिळाल्यापासून नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. पूर्ण झाल्यापासून दहा दिवसांत शिफारशींसह अहवाल संस्थाप्रमुखाकडे, आणि प्रती दोन्ही पक्षांना. अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत संस्थाप्रमुखाची कार्यवाही, मध्ये अपील झाले नसेल तर. शिफारशी मान्य नसतील तर संस्थाप्रमुखाने कारणे लेखी द्यायची असतात. अहवाल दाबून ठेवणे हा पर्याय नियमांत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक असते. आंदोलनाच्या दबावाखाली समिती दोन आठवड्यांत निकाल लावते. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका विद्यापीठीय प्रकरणात नेमक्या अशाच घाईमुळे, समोरच्या पक्षाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी न मिळाल्याचे सांगून, कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी परत पाठवले. तक्रारदारांच्या दृष्टीने याचा अर्थ सगळे पुन्हा पहिल्यापासून असा होतो. लवकर न्याय मागणाऱ्या विद्यार्थी संघटनांनी हे ध्यानात ठेवावे.

मात्र अंतरिम संरक्षणाला उशीर नको. तक्रारदाराच्या मागणीवरून समिती शिफारस करू शकते की, समोरच्या व्यक्तीने तिच्या परीक्षेचे किंवा कामाचे मूल्यमापन करू नये, तिच्यापासून अंतर राखावे, दोघांपैकी एकाचा विभाग बदलावा, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळावी. विभाग बदलायची वेळ आली की सोय म्हणून तक्रार करणारीलाच हलवले जाते. शक्य तिथे हलवायचे ते समोरच्या व्यक्तीला.

समेटाची सुरुवात तक्रारदाराच्याच इच्छेने होऊ शकते, आणि त्याचा पाया पैशांची देवाणघेवाण असू शकत नाही. ‘मुलाचे करिअर आहे, मिटवून टाका’ असे सांगायला येणाऱ्या पालकांना किंवा सहकाऱ्यांना पीठासीन अधिकाऱ्यांच्या दालनात प्रवेशच नसावा.

तपासणी: तक्रारदार, समोरची व्यक्ती, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा मजकूर उघड करण्यास अधिनियमाच्या कलम १६ ने मनाई आहे. तक्रारींची नोंदवही सर्वसाधारण आवक-जावक विभागातून फिरत असेल, तर ही मनाई रोजच मोडली जात आहे.

टप्पा ६: आता प्रशिक्षण आणि फलक

वरील पाचही टप्पे उभे राहिल्यावरच जागृतीचे काम हाती घ्यावे, कारण चांगल्या प्रशिक्षणानंतर तक्रारी येतात आणि त्या झेलायला यंत्रणा हवी.

सभागृहात चारशे जणांसमोर केलेले भाषण कोणी ऐकत नाही. तीस-चाळीस जणांच्या तुकड्या कराव्यात आणि नियम वाचून दाखवण्याऐवजी प्रसंग सोडवायला द्यावेत: गॅदरिंगच्या सरावानंतर एकजण एका मुलीचा रस्ता अडवून उभा आहे आणि बाकीचे हसत आहेत, वर्गाच्या ग्रुपवर कुणाचे तरी खासगी छायाचित्र आले आहे, अभ्यास सहलीत शिक्षक एकाच विद्यार्थिनीला रात्री ‘अहवालावर बोलायला’ बोलावतात. पाहणाऱ्याने काय करायचे, हे मुलांनी करून दाखवावे. भांडणात उडी घेणे हा एकमेव मार्ग नसतो. मुलीशीच भलतेच काही बोलायला लागून प्रसंग मोडता येतो, दुसऱ्याला मदतीला बोलावता येते, आणि नंतर तिला एकटीला ‘काही मदत हवी का’ असे विचारता येते. तिसऱ्या प्रसंगात विद्यार्थी अडखळतात. तिथेच थांबून चर्चा वाढवावी.

आवार म्हणजे फक्त कुंपणाच्या आतली जागा नव्हे, हेही याच वेळी सांगावे. संस्थेची बस, अभ्यास सहल, शिबिर, प्रशिक्षणार्थी म्हणून काम, क्रीडा स्पर्धा आणि सांस्कृतिक महोत्सव ही सर्व ठिकाणे विनियमांच्या कक्षेत येतात.

अध्यापक, लिपिक, सुरक्षारक्षक आणि वसतिगृहातील कर्मचारी यांचे प्रशिक्षण वेगळे आणि सक्तीचे असावे. विद्यार्थ्यांना शिकवून अध्यापकांना वगळणारी संस्था हे काम करत नाही, दाखवते.

फलकावर घोषवाक्यांऐवजी समितीच्या सर्व सदस्यांची नावे, पीठासीन अधिकाऱ्यांचा दूरध्वनी, तक्रारीचा ईमेल आणि हेल्पलाइन क्रमांक असावेत. फलकाची एक प्रत विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतून लावावी. सूचना फलकासमोर उभे राहून तो क्रमांक टिपून घेण्याचे धैर्य सगळ्यांकडे नसते.

टप्पा ७: तक्रारीनंतरचा काळ सांभाळा

सूड बहुधा छोट्या गोष्टींतून घेतला जातो. तक्रारदाराला अभ्यासगटातून वगळले जाते, तिच्या उपस्थितीचे गुण कापले जातात, तिच्या खोलीसोबतिणीला फोन येतात. समितीने तक्रारदाराशी ठरावीक अंतराने, चौकशी संपल्यानंतरही, संपर्क ठेवावा आणि अशा प्रत्येक गोष्टीची नोंद घ्यावी.

विद्यार्थ्यांची जबाबदारी इथे सर्वांत मोठी आहे. आरोपींच्या नावांची यादी समाजमाध्यमांवर फिरवणे, तक्रारदाराची बाजू घेण्याच्या भरात तिची ओळख उघड करणे, किंवा साक्षीदारांनी एकमेकांशी जबाब जुळवून पाहणे, या तिन्ही गोष्टी तक्रारच कमकुवत करतात. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पुरेसा पुरावा देता आला नाही एवढ्याच कारणावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, हे दोन्ही बाजूंच्या मित्रांना आधीच सांगून ठेवावे.

टप्पा ८: वर्षाअखेरचा आढावा आणि हस्तांतरण

समितीने वार्षिक अहवालात आलेल्या, निकाली निघालेल्या आणि नव्वद दिवसांहून अधिक काळ रखडलेल्या तक्रारींची संख्या, कोणतीही ओळख न देता, नोंदवावी. ‘शून्य तक्रारी’ हा आकडा अभिमानाने लिहिण्याआधी संयुक्त गटाने तीस विद्यार्थ्यांना सहज विचारून पाहावे की तक्रार कोणाकडे द्यायची. निम्म्यांना सांगता आले नाही, तर शून्याचा अर्थ वेगळा आहे.

गटाने टप्पा ३ ची यादी पुन्हा उघडून प्रत्येक नोंदीसमोर ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच लिहावे आणि ती यादी प्राचार्यांच्या सहीने फलकावर लावावी. विद्यार्थी सदस्य दरवर्षी उत्तीर्ण होऊन निघून जातात, त्यामुळे नव्यांची निवड परीक्षेआधी व्हावी आणि जुन्यांनी किमान एका बैठकीला नव्यांबरोबर बसावे. प्रकरणांची कागदपत्रे मात्र त्यांच्या हातून नव्यांकडे जाणार नाहीत. ती मोहोरबंद लिफाफ्यात पीठासीन अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहतील आणि नव्या पीठासीन अधिकाऱ्यांनी सही करूनच ती स्वीकारायची आहेत.